एअरटाइट बरणीत मेलेलं बियाणं: एका वर्षाची पूर्ण हकीगत

वसंताची पेरणी सुरू झाली होती आणि शेजारच्या काकू एक मोठी काचेची बरणी पोटाशी धरून आल्या. "अगं, मिरची पेरून आज बावीस दिवस झाले, एक पण बी वर आलं नाही. तू जरा बघतेस का?" मिरचीचं बी उगवायला वेळ घेतं हे खरं, गार जागी तर तीन आठवडे पण लागतात, म्हणून आधी विचारलं ट्रे कुठे ठेवलाय. तर म्हणाल्या उबदार जागी, २६ डिग्रीच्या आसपास, माती पण रोज बघत होत्या. म्हणजे पेरणीत काही चुकलेलं नव्हतं.

ही मिरची साधी नव्हती. काकू कित्येक वर्षं तिचंच बी धरत आल्यात, दुसरीकडे कुठे ते वाण मिळत नाही, आणि आधीच्या वर्षांचं बी त्यांनी नवीन आलं की टाकून दिलेलं. म्हणजे जे काही होतं ते त्या बरणीत. म्हणून मी हे प्रकरण नीट वहीत लिहून ठेवत गेले, त्या वसंतापासून पुढच्या वसंतापर्यंत, आणि तेच इथे देतेय.

बरणी उघडली तशी आधी वास आला. बंद खोलीत ओले कपडे राहिले की येतो तसा. आत तळाला घेवड्याचं बी मोकळंच ओतलेलं, जवळजवळ पाऊण किलो, आणि त्यावर कागदाच्या पुड्यांमध्ये मिरची, भोपळा आणि कांदा. घेवडा ताटात ओतला. वरून बरा दिसत होता पण हातात घेऊन बघितलं तर काही दाण्यांच्या डोळ्यापाशी राखाडी लव धरलेली, आणि पाच-सहा दाण्यांना एकदम गोल, कंपासने काढल्यासारखी भोकं. एका दाण्यावर भोक अजून पडलं नव्हतं, फक्त सालीखाली एक गोल खिडकी दिसत होती, नखाने उचलली तर आत बारका करडा भुंगा बसलेला. हा घेवड्यावरचा भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते आणि आपण ते दाणे चांगले म्हणून घरात आणतो. मग साठवणीत उबेला त्याच्या पुढच्या पिढ्या वाढत राहतात. काकूंना वाटत होतं की एअरटाइट बरणीत किडा जाईलच कसा, पण तो बाहेरून गेलाच नव्हता, आतच होता.

आता मागचं सगळं विचारून घेतलं. घेवड्याच्या शेंगा काकूंनी पाऊस येणार म्हणून लवकर काढल्या, पिवळ्या पडल्या होत्या पण वाजत नव्हत्या. सोलून दोन दिवस ताटात ठेवल्या, दाणा नखाने दबत नव्हता म्हणून वाळला असं धरलं. मिरचीचं बी तीन दिवस कागदावर. मग सगळं एका बरणीत, झाकण घट्ट, वरून टेप, आणि बरणी फ्रीजच्या वर. फ्रीजच्या आत नाही, वर, जिथे मागच्या गरम हवेने कायम ऊब असते. काकूंनी हे सगळं काळजीने केलं होतं, टेप सुद्धा त्याच काळजीने लावलेली, आणि माझ्या मते नेमकी ती काळजीच नडली.

माझ्याकडे एक छोटा डिजिटल आर्द्रता मीटर आहे, तो घेवड्यासकट बरणीत ठेवला, झाकण लावलं आणि रात्रभर सोडला. सकाळी आकडा ७६ टक्के. बाहेर खोलीत तेव्हा ४५ च्या आत होतं. बुरशीला ६५-७० च्या वर गेलं की रान मोकळं. म्हणजे बाहेर कोरडं आणि आत दमट, आणि झाकण घट्ट असल्यामुळेच आतला दमटपणा बाहेर जाऊ शकला नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. बी हे जिवंत असतं, श्वास घेतं, आणि आजूबाजूच्या हवेतली ओल शोषतं किंवा सोडतं, जोपर्यंत दोन्हीकडे समतोल होत नाही तोपर्यंत. बंद बरणीत हवा थोडी आणि बी जास्त, त्यामुळे आतल्या हवेचा दमटपणा बीच ठरवतं. पाऊण किलो अर्धवट वाळलेला घेवडा म्हणजे त्या बरणीतली पाण्याची टाकीच होती. मिरचीच्या पुडीत चमचाभर बी, ते कितीही वाळलेलं असतं तरी कागदातून घेवड्याची ओल पिऊन बसलं असतं. त्यामुळे माझं मत असं झालं की मिरचीचा घात मिरचीच्या वाळवणीत कमी आणि घेवड्याच्या शेजारात जास्त झाला.

पण मत असून चालत नाही, टेस्ट करायला हवी. आणि तुलनेला योगायोगाने एक गोष्ट मिळाली. काकूंनी टोमॅटो आणि लेट्यूसचं बी एका साध्या पाकिटात घालून ठेवलं होतं आणि बरणीत टाकायचं विसरून गेल्या, ते पाकीट आतल्या खोलीच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. कोरडी, गार खोली, हिवाळाभर कुणी हात लावला नाही. त्याच बागेतलं, त्याच हंगामातलं, त्याच हातांनी काढलेलं बी, फक्त बरणीबाहेर राहिलेलं.

टेस्ट साधीच, किचन टॉवेल ओला करून पिळायचा, पाणी ठिबकायला नको, त्यावर २० बिया अंतर ठेवून मांडायच्या, गुंडाळी करायची, झिपलॉकच्या पिशवीत घालून तोंड थोडं उघडं ठेवायचं, वर नाव आणि तारीख. दर दोन दिवसांनी उघडून बघायचं. सगळ्या गुंडाळ्या एकाच उबदार शेल्फवर ठेवल्या (ही माझी चूक होती, पुढे सांगते).

टोमॅटो सातव्या दिवसापर्यंत २० पैकी १८. घेवड्याचे ७ दाणे फुटले, पण त्यातले दोनच सरळ, बाकीच्यांची दलं (दाण्याची दोन जाड फाकं) फाटलेली किंवा मधला कोंबच नाही, असं रोप मातीत गेलं तरी पुढे काही होत नाही, आणि उरलेले दाणे चिकट होऊन वास मारायला लागले. म्हणून मोजताना नुसता फुटला का हे बघू नका, नीट रोप होईल का ते बघा. भोपळा ११. कांदा शून्य. मिरची, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती सोळाव्या दिवसापर्यंत २० पैकी ४.

आणि लेट्यूस शून्य. इथे मी गोंधळले, कारण ते तर टोमॅटोच्या पाकिटातलं होतं, माझ्या मताप्रमाणे ते जगायला हवं होतं. मग लक्षात आलं की लेट्यूसचं बी २७-२८ डिग्रीच्या वर गेलं की उगवायचंच थांबतं, मरत नाही, झोपतं. माझं शेल्फ तेवढं तापत होतं. नवीन २० बिया घेतल्या, ओल्या टॉवेलवर मांडल्या, दोन दिवस फ्रीजमध्ये आणि मग गार खोलीत खिडकीजवळ उजेडाला, आणि पाचव्या दिवशी १७ वर. नशीब पाकीट फेकलं नव्हतं. त्यामुळे कुठलंही बी मेलं म्हणून टाकण्याआधी त्याला हवं ते तापमान दिलं होतं का, हा प्रश्न स्वतःला विचाराच.

कांद्याचा दोष मात्र पूर्णपणे बरणीवर टाकता येणार नाही. ते बी दोन उन्हाळ्यांपूर्वीचं होतं. कांदा, लीक (कांद्याच्याच कुळातली भाजी), पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंद) ही मंडळी मुळातच अल्पायुषी, साध्या साठवणीत वर्षभर धरतात, फार तर दोन. मिरची आणि मका दोन-तीन वर्षं, घेवडा-वाटाणा तीनेक, टोमॅटो चार किंवा जास्त, काकडी-भोपळा पाच पण जातात, अर्थात कोरडं आणि गार ठेवलं तर. कांद्याचं वय आणि बरणीतली ओल दोन्ही विरुद्ध गेलं, कुणाचा वाटा किती ते वेगळं काढता येत नाही.

मग त्या वसंतात काय केलं. घेवडा पिशवीत बांधून आधी फ्रीझरमध्ये टाकला म्हणजे भुंगे मरतील, आणि मग फेकला, कंपोस्टमध्ये सुद्धा घातला नाही. मिरचीचं बी अजून ८० च्या आसपास शिल्लक होतं. काकू म्हणाल्या, "अर्धं पुढच्या वर्षाला ठेवू का?" मी म्हटलं, "नाही काकू, एक पण ठेवू नका. हे बी दिवसागणिक मरतंय, पुढच्या वर्षी चाराचं शून्य होईल, आता आहे तोवर सगळं मातीत घाला." खरं सांगते, बोलताना माझ्या पण पोटात गोळा आला होता, कारण फसलं असतं तर वाणच संपलं असतं. सगळं पेरलं, खालून ऊब दिली, माती बारीक चाळून घेतली, पाणी वरून न घालता ट्रेच्या खालून. पंचवीस दिवसांत १३ रोपं. सुरुवातीला अगदी किडकिडीत, पानं आखडलेली, पण चौथ्या-पाचव्या पानानंतर ९ रोपांनी जोर धरला.

मधेच भोपळ्याची वेगळीच गोष्ट निघाली. उगवलेली रोपं छान वाढली पण उन्हाळ्यात फळं बघून काकू चक्रावल्या, नारिंगी गोल भोपळ्याच्या जागी लांबट, हिरव्या पट्ट्यांची, एक तर बाटलीसारखं. बरणीचा ह्यात काही संबंध नाही. आदल्या वर्षी भोपळ्याच्या शेजारी झुकिनी होती, आणि तो छोटा नारिंगी भोपळा आणि झुकिनी दोन्ही कुकुर्बिटा पेपो ह्या एकाच जातीतले, मधमाशीने इकडचे पराग तिकडे नेले की झालं. ज्या वर्षी संकर होतो त्या वर्षी फळ अगदी नेहमीसारखंच दिसतं, बदल आतल्या बीमध्ये असतो, म्हणून बी धरताना काही कळत नाही आणि पुढच्या वर्षी उघड होतं. ह्यात एक धोका पण आहे. अशा मिश्र बियांच्या फळात, खास करून शोभेच्या कडू भोपळ्यांशी संकर झाला असेल तर, कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष उतरू शकतं, शिजवून ते जात नाही. कच्च्याचा बारकासा तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला की थुंकायचं आणि ते फळ सरळ टाकायचं, पोटात घालायचं नाही. काकूंची फळं कडू नव्हती, पण त्यांचं बी धरलं नाही. भोपळ्याचं बी धरायचं तर आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी नर आणि मादी फुलं बांधून ठेवायची, सकाळी हाताने पराग लावायचे आणि मादी फूल परत बांधायचं, हाच खात्रीचा उपाय.

मिरचीत सुद्धा थोडाफार संकर होतो, स्वतःच्याच परागावर फळ धरते पण माश्या येतातच. म्हणून ९ पैकी सगळ्यात जोमदार आणि मूळ वाणासारखी दिसणारी ६ झाडं निवडली, कळ्या उमलायच्या आधी फांदीवर बारीक जाळीच्या पिशव्या बांधल्या, रोज फांदी हलकेच हलवली, फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला लाल दोरा. लाल दोरा दिसला की कुणी तोडायचं नाही, एवढा एकच नियम घरात. घेवड्याचं नवीन सरळ वाणाचं बी आणून लावलं होतं, हायब्रीड नाही, कारण हायब्रीडचं बी धरलं तर पुढच्या पिढीत काय निघेल त्याचा भरवसा नसतो.

हंगाम संपत आला तशी खरी परीक्षा. ह्या वेळी घेवड्याच्या शेंगा झाडावरच करकरीत होऊन खुळखुळायला लागेपर्यंत थांबलो. शेवटी पावसाचा अंदाज आलाच, मग शेंगा न तोडता अख्खी झाडं उपटून छपराखाली उलटी टांगली, खाली चादर. दहा दिवसांनी सोलून, पाखडून, डागाळलेले आणि सुरकुतलेले दाणे वेचून बाजूला केले (करपा आणि काही विषाणू बियांतूनच पुढे जातात, म्हणून रोगट झाडाचं बी धरायचंच नाही) आणि ताटात एकेरी थरात तीन आठवडे, पंखा लांबून, ऊन नाही. कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवायचा मोह होतो पण बीचं तापमान ३५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, ओल्या बीला तर उष्णता लगेच लागते.

वाळलं का हे नखाने कळत नाही, हे आता काकू सगळ्यांना सांगतात. दाणा दगडावर ठेवून हातोडी मारायची. वाळलेला असेल तर काचेसारखे तुकडे उडतात, ओला असेल तर चपटा होतो. दहाव्या दिवशी मारून बघितला तर दाणा पसरला, त्याच्या कडा मेणासारख्या दिसत होत्या, आणि हाच दाणा नखाने अजिबात दबत नव्हता! मागच्या वर्षी दोन दिवसांत बरणी भरली होती त्याचा अर्थ काकूंना तेव्हा कळला, काही वेळ त्या नुसत्या तो चपटा दाणा हातात धरून बसल्या. एकविसाव्या दिवशी मारला तर तुकडे खोलीभर.

मिरची पूर्ण पिकून थोडी मऊ पडल्यावर काढली, बी चिनी मातीच्या प्लेटवर पसरलं, रोज हलवलं. बी वाकवल्यावर वाकू नये, मोडावं. टोमॅटोचं बी नेहमीसारखं गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवून, वर बुरशीचा पापुद्रा आला की धुऊन, कारण बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. ते कागदावर वाळवू नका, असं चिकटतं की सुटत नाही.

मग सिलिका जेल, म्हणजे ओल शोषून घेणारे बारीक दाणे. मिरची आणि टोमॅटोच्या पुड्या, जेवढं बी तेवढ्याच वजनाचं जेल, बंद बरणीत आठवडाभर. जेल रंग बदलणारं घ्या म्हणजे ओल भरली की कळतं, मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. आठवड्यानंतर पुड्या दुसऱ्या कोरड्या बरणीत, सोबत जेलची बारकी पिशवी. मीटर आत ठेवला, दुसऱ्या दिवशी आकडा २९. घेवडा मात्र जेलमध्ये असा ठेवला नाही, शेंगवर्गी बी फार वाळलं तर पेरल्यावर पाणी झपकन आत शिरून दलं फुटतात, त्याच्या दाण्यात ८-१० टक्के ओल बरी (ही दाण्यातली, मीटरवरची हवेतली नाही). तो वेगळ्या बरणीत, आणि भुंग्यासाठी आधी फ्रीझरमध्ये चार दिवस. हे फक्त नीट वाळलेल्या बीलाच करायचं, ओल असेल तर आत बर्फाचे कण होऊन पेशी फाटतात. आणि बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, पूर्ण दिवस खोलीत ठेवायची, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी जमतं आणि तीन आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत जाते. मिरची, टोमॅटो फ्रीजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही, कारण दार दिवसातून वीस वेळा उघडतं.

बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन ह्यांचा एक ढोबळ नियम आहे, बीतली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीचं तापमान ५ डिग्रीने कमी केलं की परत दुप्पट, आणि फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचे टक्के ही बेरीज १०० च्या आत हवी. काकूंची जुनी बरणी ह्याला लावून बघितली. फ्रीजवरची जागा ३० डिग्री सेल्सिअस म्हणजे ८६ फॅरनहाइट, आत ७६ टक्के, बेरीज १६२. नवीन बरणी फ्रीजमध्ये ५ डिग्री म्हणजे ४१, आत २९, बेरीज ७०. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बियाण्यांच्या तिजोरीत २००८ पासून जगभरच्या पिकांचं बी उणे १८ डिग्रीला ठेवलंय, तिथे सुद्धा बी आधी वाळवतात आणि मगच पाकीट सील करतात. गारवा नंतर, झाकण नंतर, वाळवण आधी.

पुढच्या वसंतात पेरणीच्या महिनाभर आधी परत टेस्ट, ह्या वेळी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या तापमानाला. घेवडा २० पैकी १९, टोमॅटो १८, मिरची १७, लेट्यूस १६. घेवड्याची पहिली ओळ मात्र काकूंनी गार, चिंब मातीत घाईने टाकली आणि तिथे निम्मेच दाणे उगवले, दुसरी ओळ माती १५-१६ डिग्रीच्या वर गेल्यावर टाकली, ती भरून आली. कांद्याचे चार गड्डे हिवाळाभर राखून वसंतात परत लावलेत, त्यांना आता फुलांचे दांडे आलेत, ते बी पुढच्या वसंतातच संपवायचं असं लेबलवर आधीच लिहून ठेवलंय.

मिरचीच्या बीच्या तीन पुड्या केल्या, वर वाणाचं नाव, वर्ष, वाळवल्याची तारीख आणि "२० पैकी १७". एक काकूंकडे, एक माझ्या फ्रीजमध्ये, आणि एक काकूंच्या लेकीकडे दुसऱ्या घरात. तीन पुड्या तीन ठिकाणी ठेवायचं काकूंनीच ठरवलं.